विद्यापीठ कोकणात केव्हा उतरले?

(तळेरे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा १८६२ साली झाली. उत्तीर्ण झाले चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले भांडारकर मालवणचे. ६ जुलै १८३७ रोजी त्यांचा जन्म मालवणात झाला. वडील महसूल खात्यात कारकून. बदली झाली तसे बिऱ्हाड रत्नागिरीला गेले. तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेत भांडारकर शिकले, १८५३ साली मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले, दादाभाई नौरोजींच्या हाताखाली गणित शिकले. पुढे १८९३ ते १८९५ या काळात ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतच आपल्या किनाऱ्यावरचा माणूस आहे. पण ते विद्यापीठ या किनाऱ्यावर यायला शंभर वर्षांहून जास्त काळ गेला. कोकणाने विद्यापीठाला माणसे दिली, आणि दिलेली माणसे बहुतेक परत आली नाहीत. आज मी जे बोलणार आहे ते या देण्याघेण्याच्या हिशोबाविषयी. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी आपण अनेक वर्षे ऐकतो आहोत. त्या मागणीच्या बाजूने मी बोलणार आहे. मात्र नेमके काय मागायचे, हे इतिहास पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही असे माझे मत आहे.

सुरुवातीचे मुंबई विद्यापीठ कसे होते, हे आधी नीट समजून घेऊ. १८५४ साली चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्यातून १८५७ साली कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी तीन विद्यापीठे निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. उत्तरेत उठाव पेटलेला असताना इथे विद्यापीठ स्थापन होत होते! नमुना लंडन विद्यापीठाचा. त्यात वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला जे बसले त्यांतले बहुसंख्य नापास झाले. विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे चाळणी, ही समजूत आपल्याकडे तेव्हापासून जी रुजली ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

इमारती नंतर आल्या. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये उभे राहिले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. तो १८७८ मध्ये पुरा झालेला मनोरा म्हणजे त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर. गिरणगावात राबणारा आमचा चाकरमानी फोर्टात गेला की त्याच्याकडे मान वर करून बघायचा. आपला मुलगा त्या कमानीखालून पदवी घेऊन बाहेर पडावा, ही इच्छा कोकणातल्या कितीतरी घरांत होती. ज्यांच्या घरात ती पुरी झाली त्यांनी भिंतीवर काळ्या झग्यातला फोटो लावला. हे फोटो मी आपल्या गावांतून पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मला आदरच आहे.

पण तिथपर्यंत पोचायचे म्हणजे काय दिव्य होते! धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण घेतो. त्यांचा जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरूडचे. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची तर केंद्र होते साताऱ्याला. पावसाचे दिवस. मुले मुरूडहून चालत निघाली. नद्या दुथडी भरलेल्या, वाटेत कुंभार्ली घाट, डोक्यावर इरले किंवा कांबळे, पाठीला शिधा. एवढी पायपीट करून साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा समितीने कर्व्यांकडे पाहिले आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना बसू दिले नाही. वय भरलेले होते, अंगकाठी लहान होती, एवढेच. ते तसेच परत फिरले. पुढे हीच परीक्षा ते कोल्हापूर केंद्रावर उत्तीर्ण झाले. मग मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन, १८८४ साली गणित घेऊन बी.ए.

ही गोष्ट आपण मुलांना चिकाटीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात दुसरेही दिसते. कर्व्यांच्या बरोबर आणि कर्व्यांच्या आधी-नंतर जी मुले तशीच चालत गेली आणि परत फिरून पुन्हा कधी गेलीच नाहीत, त्यांची नावे कुठल्याही चरित्रात नाहीत. आणि मुली तर त्या वाटेवर नव्हत्याच. कर्व्यांना हे कळले होते. म्हणूनच त्यांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ काढले. सरकारचा कायदा नाही, मान्यता नाही, हाताशी मूठभर विद्यार्थिनी. तरीही त्यांनी शिकवण्याचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून ठेवला. त्या विद्यापीठाला कायद्याची पूर्ण मान्यता मिळाली १९५१ मध्ये, पस्तीस वर्षांनी. मान्यतेची वाट न पाहता एका कोकणी माणसाने विद्यापीठ चालवून दाखवले, ही आपल्या मुलखाची खरी थोर परंपरा आहे. तिचा उल्लेख कोकण विद्यापीठाच्या चर्चेत कुणी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता मंडणगडकडे वळू. आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. बाबासाहेब १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. पुढे कोलंबिया आणि लंडन इथली विद्यापीठे आतून पाहून ते परतले, तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले. नुसती परीक्षा घेणारे विद्यापीठ त्यांना मान्य नव्हते. शिकवणे आणि संशोधन एकत्र नांदले पाहिजे, आणि महाविद्यालय व विद्यापीठ यांची ताटातूट झाली की दोघांचेही नुकसान होते, असे त्यांचे सांगणे होते. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा झाली, तेव्हा मागासवर्गीयांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व मिळावे म्हणून ते बोलले. उच्च शिक्षण गरिबाच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे काम आहे, मग ज्यांच्या दारापर्यंत ते न्यायचे त्यांचा माणूस कारभारात नको का, असा त्यांचा रोख होता. सिनेटच्या या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. तो आजही आपल्या कामाचा आहे.

मुंबई विद्यापीठ स्वतः शिकवू लागले ते १९१९ मध्ये समाजशास्त्राच्या विभागापासून. अर्थशास्त्र पाठोपाठ आले, १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. हे सगळे मुंबईत. पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे स्वातंत्र्याच्या काळात कुलगुरू होते. कुलगुरू कोकणचे, विद्यार्थी कोकणचे, आणि कोकणात मात्र महाविद्यालये नावाला. रत्नागिरीला पहिले महाविद्यालय निघाले १९४५ मध्ये. सावंतवाडीचे पंचम खेमराज १९६१ चे. त्याआधी आपल्या भागातला मुलगा एकतर विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरात बोट धरून मुंबईला जायचा, नाहीतर आपल्या याच तळेरे फाट्यावरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांची पिढी तशीच शिकली. पावसाळ्यात बोटी बंद. दिवाळीला घरी येणे परवडायचे नाही. मे महिन्यात आला की मुलगा आंब्याच्या दिवसांत चार आठवडे घरी राहायचा, तेवढाच.

नंतर महाविद्यालये वाढली. कणकवली, मालवण, वेंगुर्ले, वैभववाडी, कुडाळ, देवगड. आज तळेऱ्यात खुद्द मुंबई विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे, विजयालक्ष्मी विश्वनाथ दळवी महाविद्यालय. संलग्न महाविद्यालय एखादी संस्था चालवते. घटक महाविद्यालय विद्यापीठाचे स्वतःचे असते. अशी घटक महाविद्यालये फार थोडी. एक तिकडे आंबडव्याला आहे, एक आपल्याकडे. रत्नागिरीला विद्यापीठाचा उपपरिसर आहे, सावंतवाडीला आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मुंबई विद्यापीठाने कोकणासाठी काहीच केले नाही असे म्हणणे खरे नाही.

तरीही विद्यापीठ आपल्या मुलखात उतरले असे मी कधी म्हणेन? माझ्या समजुतीने, या मुलखाची अडचण जेव्हा विद्यापीठाचा अभ्यासाचा प्रश्न होते, तेव्हा. आणि हे आपल्याकडे एकदा घडलेले आहे. दापोलीला.

महाराष्ट्रात १९६८ साली राज्याचे एकच कृषी विद्यापीठ निघाले, राहुरीला. विदर्भाने स्वतःसाठी मागणी लावून धरली, १९६९ मध्ये अकोल्याला वेगळे झाले. १९७२ साली परभणी आणि दापोली. कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. आज त्याला बाळासाहेब सावंतांचे नाव आहे. मागे वळून पाहिले तर त्या वेळी कुणीही विचारू शकला असता की, किनाऱ्यावरच्या मोजक्या जिल्ह्यांसाठी, भात-नाचणीच्या कुणग्यांसाठी आणि कातळावरच्या कलमांसाठी वेगळे विद्यापीठ कशाला? राहुरीच्या शाखा पुरल्या नसत्या का?

नसत्या. का ते सांगतो. राहुरी पडते कमी पावसाच्या पट्ट्यात. तिथला प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि फेब्रुवारीत विहीर तळ गाठते. जांभा दगड पाणी धरत नाही. उसाचे, ज्वारीचे ज्ञान इथे काय करायचे? इथे हापूसचे काय करायचे ते हवे होते. हापूस एक वर्ष लागतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. गर उत्तम, पण आतून साका होतो, म्हणजे गर स्पंजासारखा होऊन बिघडतो. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचे, विद्यापीठाच्याही आधीचे. विद्यापीठ झाल्यावर ते त्याच्याकडे आले. तिथे नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' हा आंबा आला. तो दरवर्षी लागतो आणि त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधु' आला, पातळ कोयीचा. हापूसला दरवर्षी मोहर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक किती, केव्हा आणि बुंध्याभोवती कसे द्यायचे याची शिफारसही दापोलीचीच.

काजूचे तर याहून मोठे. आपल्या सड्यावरच्या गावठी काजूची बी लहान, चार-पाच ग्रॅमची. वेंगुर्ला-४ ची बी जवळपास पावणेआठ ग्रॅमची. वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची. बी दुपटीने भरली की कारखानदार दर वाढवून देतो, हे इथे बसलेल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि आपल्या पडीक वरकस जमिनी कलमांनी भरल्या. योजनेचे श्रेय सरकारला द्यावे. पण लाखो कलमे आली कुठून? ती बांधण्याची रीत वेंगुर्ल्या-दापोलीत पक्की झाली आणि नर्सरीवाल्यांच्या हातात गेली.

ती रीत इथे थोडी उलगडून सांगतो, कारण विद्यापीठ म्हणजे काय याचे माझ्या मनातले चित्र तिच्यात आहे. आंब्याचे कोय कलम पावसाळ्याच्या तोंडी करतात. कोय रुजून दोन-तीन आठवडे झालेले रोप, पाने अजून तांबूस, खोड मऊ. ते वरून छाटतात आणि मधोमध उभा काप घेतात. चांगल्या हापूसच्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी, जिची पाने आठवडाभर आधी काढलेली आहेत आणि डोळा फुगलेला आहे, तिचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासतात. पाचर त्या कापात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. रोपाची आणि काडीची जाडी जुळली पाहिजे, बोटांना घाई नको, कापात पाणी शिरता कामा नये. आपल्याकडच्या बायका हे काम इतक्या सफाईने करतात की पाहत राहावे. पूर्वी भेट कलमाला एकेक झाड गाठावे लागायचे आणि कलम महाग पडायचे. आता एका मांडवाखाली हजारो होतात. तांबूस पानाचे रोप नेमके कितव्या दिवशी घ्यावे, हे कुणीतरी मोजत बसले होते. ते मोजणे म्हणजे संशोधन, आणि ते आपल्या पावसात, आपल्या दमट हवेत बसून केलेले होते.

भाताच्या 'रत्नागिरी' आणि 'कर्जत' जाती, कोकमाची 'कोकण अमृता', शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, आपल्याच जिल्ह्यातली 'कोकण कन्याळ' शेळी, आणि इथून जवळ फोंडाघाटचे संशोधन केंद्र. यादी लांबवत नाही. दापोलीतही उणिवा आहेत, रिकामी पदे आहेत, वणवा आणि माकडांपुढे सगळेच हात टेकतात. पण कोकणाचा प्रश्न हा आपला विषय आहे, असे मानणारे विद्यापीठ असले की काय होते, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

असेच उदाहरण मला फार दूर, व्हिएतनाममध्ये सापडले. ते थोडे सविस्तर सांगण्याची परवानगी घेतो, कारण तो मुलूखही भाताचा आणि पाण्याचा आहे. हनोईमध्ये फ्रेंचांनी १९०६ साली इंडोचायना विद्यापीठ काढले, १९०८ मध्ये लोकांत असंतोष दिसताच बंद केले, १९१७ ला पुन्हा उघडले. शिकवणे फ्रेंचमधून. १९४५ साली स्वातंत्र्य जाहीर झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हनोईचे विद्यापीठ व्हिएतनामी भाषेतून सुरू झाले, वैद्यकासकट. पण मला सांगायचे आहे ते दक्षिणेतल्या मेकाँग नदीच्या खोऱ्याबद्दल. तो सगळा भाग भाताचे कोठार, आणि विद्यापीठ मात्र सायगावला. खोऱ्यातल्या लोकांनी आपल्यासाठी विद्यापीठ मागितले, लावून धरले आणि १९६६ साली कान थो विद्यापीठ मिळवले. युद्ध चालू असताना.

१९७१ साली व्हो तोंग स्वान नावाचे तरुण भातशास्त्रज्ञ फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून तिथे शिकवायला आले. १९७७ मध्ये खोऱ्यात तपकिरी तुडतुड्यांचा हल्ला झाला. आपल्या भातावरही हा तुडतुडा येतो, तुम्ही ओळखता, शेत जळाल्यासारखे गोल गोल करपते. स्वान यांनी फिलिपाइन्सहून प्रतिकारक जातींचे बियाणे मागवले. टपालातून आले ते काही ग्रॅम. त्यातली आयआर-३६ ही जात तग धरणारी ठरली. चूड चूड लावण्याऐवजी एकेक काडी लावून त्यांनी बियाणे वाढवले. मग विद्यापीठाचे वर्ग दोन महिने बंद केले. विद्यार्थ्यांना तरवा कसा टाकायचा, जमीन कशी तयार करायची, एकेक रोप कसे लावायचे एवढेच शिकवले, आणि प्रत्येकाच्या हातात किलोभर बियाणे देऊन गावोगाव पाठवले. दोन-तीन हंगामांत ती जात खोऱ्यात पसरली. स्वान यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विद्यापीठ बंद करून विद्यापीठाने आपले सगळ्यात मोठे काम केले, असे मला ही हकीकत वाचताना वाटते. आणि हे घडू शकले, कारण ते विद्यापीठ खोऱ्यात होते आणि विद्यार्थी खोऱ्यातल्याच शेतकऱ्यांची मुले होती. राजधानीतल्या विद्यापीठाने अहवाल पाठवला असता.

आता आपल्या शेजारी पाहू. बांद्यापलीकडे गोवा. १९६१ ला मुक्त झाल्यावर तिथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच जोडली गेली, पणजीला मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. १९८४ साली गोवा विद्यापीठाचा कायदा झाला आणि १ जून १९८५ ला ते सुरू झाले. तेव्हा गोव्याची वस्ती दहा लाखांच्या आसपास. महाराष्ट्रातही २००४ साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झाले, २०११ मध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून साडेचोवीस लाख लोक आहेत. तेव्हा लोकसंख्या कमी म्हणून विद्यापीठ परवडत नाही, हे कारण टिकत नाही.

याच जनगणनेतली दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. २००१ ते २०११ मध्ये या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ झाली. इकडे दहावी-बारावीच्या परीक्षांत कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून राज्यात पहिले येते. दरवर्षी निकालाच्या दिवशी आपण पेढे वाटतो. जूनमध्ये तीच मुले पुणे, मुंबई, कोल्हापूर, पणजीच्या गाडीत बसतात. मुलांनी बाहेर जाऊ नये असे माझे म्हणणे नाही, भांडारकर मालवणात राहिले असते तर भांडारकर झाले नसते. मात्र ज्याला राहायचे आहे, ज्याला परत यायचे आहे, त्याला इथे काय शिकता येते, कशावर संशोधन करता येते, हा प्रश्न उरतोच. शेतीसाठी दापोली आहे, तंत्रशिक्षणासाठी लोणेरे आहे. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, भूशास्त्र, सागरविज्ञान, कायदा यांसाठी काय?

कोकण विद्यापीठाला विरोध करणारेही आपलेच लोक आहेत, आणि त्यांच्या शंका खऱ्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या पदवीला बाहेर किंमत आहे, नवीन नाव कोण ओळखेल, असे पालक म्हणतात. लहान विद्यापीठाला पैसा पुरणार नाही, असे प्राचार्य म्हणतात. महाराष्ट्रातल्या काही नव्या विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, हे त्यांनी पाहिलेले आहे. माझे उत्तर असे की, मुंबईची महाविद्यालयांची यादी कापून दोन-तीन जिल्ह्यांच्या नावाने नवा शिक्का केला, एक कुलगुरू, एक कुलसचिव आणि एक परीक्षा भवन उभे केले, तर हे सगळे आक्षेप खरे ठरतील. १८५७ चा नमुनाच आपण पुन्हा उभा करू, फक्त चारशे-साडेचारशे किलोमीटर अलीकडे. तेवढ्याने मुलांची एक मुंबईची खेप वाचेल. ते कमी नाही, पण त्यासाठी विद्यापीठ लागत नाही, चांगले कार्यालय पुरते.

मला हवे आहे ते वेगळे. आधी विभाग निघावेत. उपपरिसर हातात आहेत, त्यांत पूर्णवेळ प्राध्यापक भरावेत आणि त्यांना या मुलखाचे विषय द्यावेत. कातळशिल्पांचे उदाहरण घ्या. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, आपल्या मालवण तालुक्यातल्या कुडोपीला, जांभ्यात कोरलेल्या शेकडो आकृत्या आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्या गेल्या. त्या शोधल्या, नोंदवल्या, गावोगाव फिरून वाचवल्या त्या रत्नागिरीतल्या काही हौशी अभ्यासकांनी, आपला व्यवसाय सांभाळून, सुटीच्या दिवशी. गुराख्यांना त्या ठाऊक होत्या. त्या कोणी कोरल्या, केव्हा, कशासाठी, यावर अजून खूप काम व्हायचे आहे. पुरातत्त्वाचा एक पूर्ण विभाग इथे असता, तर आपल्या पोरांनी त्यावर आयुष्य घालवले असते.

दशावताराचे तसेच. आपली मंडळी अजून रात्रभर उभी राहतात, संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावरच घडतात. त्याचे ध्वनिमुद्रण, त्यातल्या मालवणी आणि मराठीच्या वापराचा अभ्यास सलग कुणी केला पाहिजे. ओस पडलेल्या वाड्या, कुलूपबंद घरे, गणपतीला दहा दिवस उघडणारी आणि मग वर्षभर बंद राहणारी, हा समाजशास्त्राचा केवढा मोठा विषय आहे! जिल्ह्याच्या मनीऑर्डरी, गिरणीच्या संपानंतर परतलेली माणसे, किनाऱ्यावरचे पर्यटन आणि रापणकरांचे वाद, सड्यावरची दुर्मीळ फुले, खाणी, वाळू. यांतला एकेक विषय एकेका विभागाला पुरेल. आणि ज्यांनी हे प्रश्न अंगावर झेलले त्यांचीच मुले वर्गात बसलेली असतील.

असे आठ-दहा विभाग उभे राहिले, त्यांच्या हातून काही काम झाले, की विद्यापीठाचे नाव कोणते ठेवायचे आणि मुख्यालय रत्नागिरीला की सिंधुदुर्गात, यावर आपण अवश्य भांडू. आज आपण त्याच भांडणापासून सुरुवात करतो.

आता सिनेटचा मुद्दा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. पदवी घेतलेला, विद्यापीठ क्षेत्रात राहणारा कुणीही नाव नोंदवू शकतो. विद्यापीठाचा अर्थसंकल्प याच अधिसभेपुढे येतो. उपपरिसरावर किती खर्च झाला, किती पदे भरली, हे तिथे विचारता येते. २०२४ मध्ये ही निवडणूक झाली तेव्हा मुंबई शहरापासून सिंधुदुर्गपर्यंत सात जिल्ह्यांत मिळून नोंदलेले मतदार तेरा हजारांच्या आसपास होते. सात जिल्ह्यांत पदवीधर किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. ज्या जागेसाठी बाबासाहेबांना कायदेमंडळात उभे राहून मागणी करावी लागली, तिथे जायचा रस्ता आज उघडा आहे, आणि आपण अर्ज भरत नाही.

या सभागृहात पदवीधर बरेच दिसतात. शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, दोन-चार वकील आहेत, बागायतदार तर बहुतेक सगळेच पदवीधर. नोंदणी पुढच्या निवडणुकीआधी पुन्हा उघडेल. पदवी प्रमाणपत्राची प्रत, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एवढेच लागते. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की नोंदणी सुरू होताच तळेऱ्याच्या वाचनालयात एक टेबल लावावे आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक पदवीधराचा अर्ज तिथे भरून घ्यावा. मुलींचे अर्ज विसरू नका. लग्नानंतर नाव बदलल्याने त्यांची नोंद अडते, त्यासाठी राजपत्राची किंवा विवाह दाखल्याची प्रत आधी काढून ठेवायला सांगा.